दुसरी पेटी

फोन आला तेव्हा मी पाथरीत माझ्या शिवणवर्गात एका मुलीला बाही कशी जोडायची ते दाखवत होते. माहेरचा शेजारी किसन बोलत होता. ‘‘मंगलताई, निघा तुमी. माणिकदादा तराफ्यात... तुमी निघाच.’’ पुढं त्याला बोलता येईना आणि मला विचारता येईना. माझा भाऊ अर्धं आयुष्य येलदरीच्या धरणाच्या पाण्यावर तराफा चालवत होता. अशा माणसाच्या बहिणीच्या मनात पहिल्यांदा काय येणार? सेलूवरून जिंतूर आणि तिथून जीपनं गाव, सगळ्या रस्त्यानं मी पाण्याचाच विचार करत होते. इतका पोहणारा माणूस बुडाला कसा, इंजिनात धोतर अडकलं का, कुणाला वाचवायला उडी घेतली का... काठावर पोचले तर तराफा पाण्यात नव्हताच. तो बाभळीच्या ओंडक्यांवर चढवून ठेवलेला होता, पाणी तिथून चांगलं लांब होतं, आणि चादरीखाली दादाचं अंग कोरडं होतं. पाण्यावर जगलेला माझा भाऊ कोरड्या जमिनीवर, भर दुपारी, आपल्याच तराफ्याच्या पोटात गेला. आता काही आठवडे झाले. तरी भेटेल तो माणूस मला विचारतो, ‘‘बुडाले का हो?’’ प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून मी थकले. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते आहे.

आम्ही काही भोई नव्हे. आमच्या सात पिढ्यांनी नांगर धरला, वल्हं कुणी धरलं नव्हतं. आजोबांच्या काळात धरण झालं, गाव वर सरकलं, आणि उरलीसुरली जमीन पाण्याच्या पलीकडे राहिली. आपल्याच शेतात जायला रस्त्यानं सगळा वळसा घालायचा, म्हणजे दिवस त्यातच जायचा. मग कधीतरी एक उपसा योजना बंद पडली. तिचा पंप ज्यांच्यावर तरंगत असायचा त्या दोन लांब लोखंडी पेट्या काठावर नुसत्या पडून होत्या. छापील भाषेत त्याला पाँटून म्हणतात म्हणे, आमच्याकडे पेटीच. गावानं त्या मागून घेतल्या आणि दादानं दोन्ही समांतर ठेवून वर फळ्यांचा ओटा ठोकला, मागं इंजिन बसवलं. पहिल्या दिवशी तराफा सरळ जायच्या ऐवजी गोल गोल फिरला आणि अख्खा गाव काठावर पोट धरून हसला. दादा मात्र हसला नाही. माझा भाऊ हसण्यावारी नेण्यातला नव्हताच. महिनाभरात तो म्हशीसुद्धा पलीकडे न्यायला लागला.

त्याचं तराफ्यावरचं राज्य बघण्यासारखं असायचं. कोण कुठं बसणार ते तोच ठरवायचा. ‘‘बाया मदी, बोकडं कडंला, आन् पुढारी मागं, इंजिनाच्या धुरात.’’ एका पुढाऱ्याला त्यानं खरंच तसं बसवलं होतं. नव्या नवरीला तो पलीकडे जाईपर्यंत रडू द्यायचा आणि काठ जवळ आला की म्हणायचा, ‘‘झालं का बाई? आता डोळे पूस, सासू बगायलीय.’’ भाडं म्हणून कुणी सुगीला धान्य आणून टाकायचं, कुणी नुसतंच ‘येतो दादा’ म्हणून जायचं, आणि तो दोघांवरही सारखाच खेकसायचा. मी त्याची धाकटी बहीण, त्यामुळे माझं आणि त्याचं कधी पटलं नाही. मी काही सुचवलं की ठरलेलं उत्तर, ‘‘मंगे, तू बाह्या जोड. तराफ्याचं मला शिकवू नको.’’

पण एक गोष्ट मी विसरणार नाही. माझे मालक अचानक गेले त्याच्या पुढच्या महिन्यात मी माहेरी आले होते. घरात येणाऱ्याजाणाऱ्यांची रीघ. प्रत्येक बाई गळ्यात पडायची, आणि मला मेलीला रडूच येत नव्हतं. बाया आपसात कुजबुजायला लागल्या. दादानं ते बघितलं. मला म्हणाला, ‘‘चल, पलीकडं सरपन आनायचंय.’’ तराफ्यावर आम्ही दोघंच. पाण्याच्या मधोमध आल्यावर त्यानं इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे पाठ करून बसला. ‘‘रड आता. हितं कोनी ऐकत न्हाई,’’ एवढंच म्हणाला. मी किती वेळ रडले कुणास ठाऊक. तो वळला नाही, समजूत घातली नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. नंतर इंजिन सुरू केलं आणि आम्ही सरपण न घेताच परत आलो.

उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की तराफा धुवायचं काम निघायचं, आणि मला जमेल तेव्हा मी मुद्दाम त्याच वेळी जायचे. ट्रॅक्टरनं ओढून तो ओंडक्यांवर घ्यायचा. मग खालचं सगळं दिसायचं, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला ओकारी यायची. पेट्यांच्या बुडाला हिरवं शेवाळ, त्यात गुंतलेलं पाणगवत, गोगलगायींचे आणि शिंपल्यांचे थर, पाणी जिथवर लागायचं तिथं तेलकट काळा पट्टा. ऊन लागलं की सगळ्याला सुकट मासळीसारखा वास सुटायचा. कौसावहिनी, म्हणजे दादाची बायको, खुरपं घेऊन शेवाळ काढायची, मी बादल्या ओतायचे, आणि दादा पत्र्याच्या पट्टीनं खर्र खर्र करत शिंपले खरवडायचा. तो आवाज दातात जायचा. त्याचं खरवडणं कधी घाईचं नसायचं. चार हात खरवडलं की पट्टी खाली ठेवायचा, बोटांच्या सांध्यांनी पत्रा वाजवून बघायचा, कुठं पातळ झाला आहे का ते ऐकायचा आणि पुन्हा सुरू. मग तारेचा ब्रश, मग लाल रंग, मग डांबर. दुपारी आम्ही त्याच पेटीवर बसून भाकरी खायचो. तिला भ्यायचं असतं हे आमच्या स्वप्नातही नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात दादाला कावीळ झाली. माणूस नुसता पिवळा झाला, वर पथ्यपाणी, वर अशक्तपणा. तराफा पोळ्यापासून जो बांधून ठेवला तो तसाच राहिला. त्याचा मुलगा संतोष जिंतूरला ट्रॅक्टरच्या गॅरेजात कामाला, त्याला रोजचं जमण्यातलं नव्हतं. पलीकडे जाणारे पुन्हा रस्त्यानं वळसा घालायला लागले आणि येता-जाता घरी डोकावून विचारू लागले, ‘‘दादा, कधी सोडताव तराफा?’’ संक्रांतीला मी गेले तेव्हा आम्ही दोघं बघायला गेलो. ती आमची शेवटची भेट. तराफा एका अंगाला कलला होता, कडेनं शेवाळाच्या दाढ्या लोंबत होत्या आणि ओट्यावर बगळ्यांनी सगळी घाण करून ठेवली होती. दादानं हातानं एक दाढी उपटून काढली. ‘‘मी आजारी पडलो तर मला खाट भेटली. हिला कोनी पान्यातून बी काडलं न्हाई.’’ मी म्हटलं, आता पुरे कर, भंगारात देऊन टाक. झालं, तो असा काही भडकला की वाटेनं घरापर्यंत बोलला नाही. घरी आल्यावर तिळाची वडी मात्र स्वतः उठून माझ्या हातावर ठेवली...

होळी झाल्यावर दादानं आणि सुटी काढून आलेल्या संतोषनं तराफा वर ओढला. बाहेरची साफसफाई नेहमीसारखीच झाली. पण उजव्या पेटीत पाणी शिरलेलं होतं, म्हणून तर तराफा कलला होता. एरवी दादा पेटीच्या बुडाचा गुडदा काढून पाणी सोडून द्यायचा. या वेळी पाणी निघालं तरी फट काही सापडेना. मग त्यानं ठरवलं, आत जाऊन बघायचं. पेटीच्या वरच्या अंगाला एक गोल झाकण, नटबोल्टांनी आवळलेलं, माणूस कसाबसा आत सरकेल एवढं. ते कितीतरी वर्षांत कुणी उघडलं नव्हतं. संतोषनं ते पान्यानं खोललं आणि तो ट्रॅक्टरवरून डांबराचा डबा आणायला गेला. वहिनी तिथंच तीन दगडांवर चहा ठेवत होती. दादा पट्टी घेऊन आत शिरला. ‘‘लय गंज हाय गं,’’ असं म्हणाल्याचं तिला आठवतं. चार-दोनदा खरवडल्याचा आवाज आला आणि थांबला. तिला वाटलं, पत्रा वाजवून बघत असेल. पण वाजवल्याचा आवाज येईना. चहा झाला म्हणून तिनं हाक मारली, ओ आली नाही. तिनं वाकून बघितलं तर दादा पालथा पडलेला, आणि हलत नव्हता.

तिच्या ओरडण्यानं संतोष धावत आला. ‘आबा, आबा’ म्हणत त्यानं एक पाय आत टाकलासुद्धा. तेव्हा माझ्या त्या काडीसारख्या वहिनीनं त्या थोराड पोराला शर्टाला धरून मागं ओढलं, खाली पाडलं, आणि ती त्या भोकावर बसली. अक्षरशः बसली, लुगडं सावरून, दोन्ही हातांनी कडा धरून. आत तिचा नवरा होता. ‘‘इहिरीवानी हाय ही! कोनी जायचं न्हाई! फवारनीचा पंखा आना, हवा सोडा आत!’’ एवढंच ती ओरडत होती. माणसं जमली. कुणी म्हणालं बाईला वेड लागलं, कुणी तिला उचलायला गेलं. किसनच्या हाताला ती इतक्या जोरात चावली की रक्त आलं. संतोष पत्र्यावर डोकं आपटत होता. शेवटी मोसंबीच्या बागेतून पंख्याचा ट्रॅक्टर आला, तेव्हा ती उठली. हवा सोडून झाल्यावर, विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा गळ असतो ना, तो दादाच्या सदऱ्यात अडकवून त्याला बाहेर ओढलं... बादलीसारखं. मला हे लिहवत नाही, पण झालं ते असं झालं.

वहिनीच्या माहेरी, ती लहान असताना, तिचा मामा गाळ काढायला जुन्या विहिरीत उतरला आणि वर आला नाही. त्याला काढायला त्याचा मुलगा उतरला. तोही आला नाही. एकाच घरातून एकाच दिवशी दोन तिरड्या उठताना तिनं बघितल्या होत्या. विहिरीचं हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पडीक विहिरीत उतरायच्या आधी दोरीनं पेटता दिवा खाली सोडतात, विझला तर माणूस उतरत नाही. दादा तर याबाबतीत इतका कडक होता की दिवा सोडल्याशिवाय कुणी पायरीवर पाय ठेवला तरी शिव्या घालायचा. पण विहीर खोल असते, काळोखी असते, तिच्यापुढे माणूस आधी हात जोडतो. ही पेटी जेमतेम छातीएवढी, उन्हात ठेवलेली, झाकण उघडं, वर बसून आम्ही भाकऱ्या खाल्लेल्या. हिच्यात दिवा सोडायचं कुणाला सुचेल? डॉक्टरांनी नंतर सांगितलं की बंद पेटीतलं लोखंड गंजता गंजता आतली सगळी हवा खाऊन टाकतं, आत गेलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो, त्याला कळतसुद्धा नाही. आम्ही पाण्यावर गेलो खरे, पण सगळं शहाणपण विहिरीचंच घेऊन गेलो, आणि तेही काठावर विसरलो.

संतोषला यातलं काही पटलं नाही. त्याचं एकच, ‘‘आबा जित्ता हुता. आईनं वर बसून भोक बुजवलं.’’ तेराव्यापर्यंत तो घरात वावरला, पण आईशी एक शब्द बोलला नाही. तिनं वाढलेलं ताट समोर तसंच ठेवून उठायचा. नंतर किसनकडे जेवायला लागला. गावातही दोन तट पडले. समाचाराला येणाऱ्या बाया वहिनीला तोंडावर विचारायच्या, ‘‘तुला बसवलं तरी कसं गं?’’ खरं सांगू? मी दादाची सख्खी बहीण. माझ्याही पोटात हा प्रश्न होता आणि तो दिवसरात्र टोचत होता. एकदा ती चुलीपाशी एकटी होती तेव्हा मी विचारलंच. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. ‘‘वन्सं, इचार कुटला आन् काय... पोरगं मला दिसत हुतं. त्ये दिसत नव्हते.’’ मग तिनं तवा ठेवला आणि भाकरी थापायला घेतली. मीही तिच्या शेजारी बसून दुसरा उंडा मळायला घेतला.

मी पाथरीला परत आले. आणि मग एके सकाळी वहिनीचा फोन. ती स्वतःहून फोन करणारी नव्हे. ‘‘वन्सं, या तुमी. संत्या दुसरी पेटी उगडायलाय. म्हनतोय मी आत जातो, मी जितका येळ शुद्धीवर ऱ्हाईन तितका येळ आबा बी हुता. मला त्यो आता जवळ येऊ देत न्हाई वो.’’ मी लगेच किसनला फोन लावला आणि सांगितलं, मी येईपर्यंत त्याला धरून ठेव, बांधून ठेव, काय वाट्टेल ते कर. किसननं सगळे पाने उचलून घरात कोंडले होते म्हणे. मी पोचले तेव्हा संतोष दुसऱ्या गावाहून पाना घेऊन आला होता आणि डाव्या पेटीचे शेवटचे बोल्ट खोलत होता. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. वहिनी लांब, बांधावर उभी. जवळ जायची तिला बंदी होती.

मी रागीट आहे, हे सगळ्या भावकीला माहीत आहे. त्या दिवशी पहिल्यांदा माझा राग कामाला आला. म्हटलं, ‘‘जा खुशाल. मी आडवत न्हाई, तुझ्या आईलाबी येऊ देत न्हाई. पण तू माणिकचा पोरगा हायस ना? त्यानं दिवा सोडल्याबिगर कुणाला इहिरीत पाय ठेवू दिला न्हाई. आदी दिवा सोड.’’ त्यानं शेवटचा बोल्ट काढून फेकला. मग म्हणाला, ‘‘आना.’’ किसननं पणती पेटवून डब्यात ठेवली, डब्याला सुतळी बांधली. झाकण सरकवल्याबरोबर संतोषनंच ती स्वतःच्या हातानं आत सोडली. डबा पेटीच्या तोंडातून खाली गेला न गेला तोच ज्योत आक्रसली आणि विझली. बाहेर वारा नव्हता. ‘‘तेल कमी आसंल,’’ तो म्हणाला. किसननं काठोकाठ तेल भरलं. पुन्हा सोडली. पुन्हा तशीच विझली, कुणी चिमटीत धरल्यासारखी. धूरसुद्धा धड वर आला नाही.

संतोष तो डबा हातात घेऊन उभा राहिला. त्यानं एकदा बापाच्या पेटीकडे बघितलं, मग पाण्याच्या कडेला जाऊन गुडघे पोटाशी घेऊन बसला. त्याची पाठ हलत होती. वहिनी बांधावरून खाली उतरली नाही. दोघांच्या मध्ये नुसतं ऊन होतं.

त्यानंतर दोन्ही पेट्या झाकणं काढून उघड्या ठेवल्या, पंख्याची हवा रोज सोडली, दिवा आत सोडून ठेवला तर चांगला जळत राहायला लागला. तराफा मोडायचं गावानं बोलून बघितलं, पण पेरणी तोंडावर आलेली, पलीकडे जायचं कसं? संतोष म्हणाला, साफ मी करणार. गेल्या आठवड्यात त्यानं ते काम काढलं आणि मी पुन्हा गेले. बाहेरचं सगळं झालं होतं. आता आतला गंज राहिला होता. त्यानं कंबरेला दोर बांधला. दोर धरायला किसन पुढं झाला, आणखी दोघंतिघं धट्टेकट्टे उभे होते. संतोषनं कुणालाच दोर दिला नाही. तो वहिनीपाशी गेला, दोराचं टोक तिच्या पायाशी टाकलं, तिच्याकडे न बघताच परत आला आणि आत उतरला.

वहिनीनं दोर उचलला आणि पेटीवर, भोकाच्या बाजूला बसली. आतून आवाज सुरू झाला. खर्र, खर्र... थांबून सांध्यांनी पत्रा वाजवल्याचा आवाज, आणि पुन्हा खर्र. हे त्याला शिकवलं कुणी? कुणी नाही, लहानपणापासून ऐकलेलं. आवाज थांबला की वहिनी हाक मारायची, ‘‘संत्या?’’ आणि उत्तरादाखल आतून दोराला एक हिसका यायचा. तोंडातून शब्द नाही. असं बऱ्याचदा झालं. मग एकदा आवाज थांबला तो थांबलाच. वहिनीनं हाक मारली. हिसका आला नाही. तिनं दोर ओढला, तो कशाला तरी अडकल्यासारखा ताठ झाला. किसन पुढं धावला. वहिनी तोवर गुडघ्यांवर येऊन भोकात वाकली होती.

‘‘संत्या... हायस का रं?’’

आत पेटीत तो आवाज घुमला. आणि मग आतून, वैतागलेला, धुळीनं बसलेल्या घशाचा,

‘‘हाय, आई. हाय.’’

‘‘बरं,’’ वहिनी म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि दोराचा आणखी एक वेढा मनगटाला घातला.